पर्यटक खिशात हात कधी घालतो? मालवणच्या बाजारातला एक धडा



मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "मॅडम, टुरिस्ट गावात दुकान टाकायचंय, माल कुठला ठेवू?" मालाचं नंतर बघू. आधी पर्यटकाचा दिवस बघा. माझं दुकान मालवणात आहे, म्हणून उदाहरण मालवणचंच घेते.

समजा, शनिवारी सकाळी चौघांचं एक कुटुंब आलं. आल्या आल्या स्कूबा. अंगावर ओले कपडे, गळ्यात प्लास्टिकच्या पाऊचमध्ये फोन. खरेदी शून्य. मग जेटीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ला. 1664 साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली, आणि आज आमच्यासारख्या कितीतरी दुकानांची चूल त्या किल्ल्यावर पेटते. किल्ला बघून माणूस उन्हाने लाल होऊन परत येतो. त्याला आत्ता लागेल तेवढंच हवं असतं: टोपी, पाणी, ग्लासभर कोकम सरबत. अशा वेळी तुम्ही किलोभर काजू दाखवलेत तर तो हसून पुढे जातो. अजून तारकर्ली, देवबागचा संगम बाकी आहे, पिशवी कोण सांभाळणार?

संध्याकाळी रॉक गार्डनला सूर्यास्त, नाहीतर किनाऱ्यावर मासळीचा लिलाव. लिलावाला गर्दी भरपूर, पण बघणारे पर्यटक आणि घेणारे हॉटेलवाले. सुरमई मुंबईला नेणार कशी? रात्री सात-साडेसातला हे लोक बाजारात फिरतात. खाजा चाखतात, मालवणी मसाल्याचा भाव विचारतात, सावंतवाडीची लाकडी फळं हातात घेऊन बघतात. आणि म्हणतात, "उद्या जाताना घेऊ."

हे "जाताना" म्हणजे नेमकं कधी, हे कळायला मला एक अख्खा हंगाम लागला. बीबीएला कस्टमर बिहेवियरचा पेपर चांगल्या मार्कांनी सुटला होता, तरी!

मुंबईकडे जाणाऱ्या कोकणकन्या आणि तुतारी या गाड्या संध्याकाळनंतर कुडाळला येतात. त्यामुळे बरेच लोक दुपारचं जेवून, रूम सोडून निघतात. आणि आम्ही कोकणातले दुकानदार दीड ते साडेचार शटर ओढून झोपतो. एकदा तीन वाजता एक काका शटर वाजवत उभे होते. रिक्षा थांबवून ठेवलेली, बॅगा आत. दहा मिनिटांत आगळ, आंबापोळी, काजू असं दोन हजारांच्या वर घेऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून दुपारी उघडं ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "दुपारचो कोण येतलो?" मी पंधरा दिवस वहीत तासाप्रमाणे बिलं लिहिली. दुपारच्या तीन तासांची विक्री संध्याकाळच्या गल्ल्यापेक्षा जास्त निघाली.

आता पॅकिंग. माल चांगला असून चालत नाही, तो बॅगेत बसला पाहिजे. मी आधी आगळ लिटरच्या बाटलीत विकायचे. एका ताईंच्या बॅगेत बाटली सांडली, सगळे कपडे लालभडक. त्यांनी फोनवर जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. आता 200 मिलीची सीलबंद बाटली, मागे सोलकढीची कृती छापलेली. एका बाटलीऐवजी लोक तीन घेतात, एक घरी, दोन शेजाऱ्यांना. सोडे हवाबंद डब्यात, कारण एसी डब्यात वास सुटला की गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. खाजावरचा गूळ दमट हवेत पाझरतो, म्हणून तो थोडा थोडाच आणते. खाण्याचा माल पॅक करून विकणार असाल तर एफएसएसएआय नोंदणी आधी करा. पाकिटावर वजन, तारीख, एमआरपी आणि नाव-पत्ता हवाच.

आणि सगळ्यात दुखरा भाग, भाडं. महिना 12,000. मी हिशोब केला होता, 12,000 भागिले 30, म्हणजे दिवसाला 400. सोपं आहे की! पण पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद. गिऱ्हाईक असतं दिवाळीची सुट्टी, नाताळ, मे महिना आणि मधले शनिवार-रविवार. माझ्या वहीप्रमाणे खऱ्या धंद्याचे दिवस 110 भरले. वर्षाचं भाडं 1,44,000 भागिले 110, म्हणजे दिवसाला 1,309 रुपये. तिपटीहून जास्त! हे गणित न केल्यामुळे पहिल्या जूनमध्ये भाड्यासाठी मी बांगड्या गहाण ठेवल्या. वर मे अखेरीस हौसेने भरलेली आंबापोळी पावसात चिकट होऊन गेली, ती घरीच खाल्ली. अजून मुलं आंबापोळी बघून तोंड फिरवतात.

आता मी 15 मेनंतर नवीन माल भरत नाही. पावसाळ्यात जुन्या गिऱ्हाइकांना मसाला आणि आगळ कुरिअरने पाठवते. त्यासाठी बिल करतानाच विचारून नंबर घेऊन ठेवते.

तुमच्यासाठी गृहपाठ: गाळ्याचं डिपॉझिट देण्याआधी एक शनिवार, एक रविवार आणि एक साधा मंगळवार त्या गाळ्यासमोर बसा. किती जण गेले, किती थांबले, कोणाच्या हातात पिशवी होती, दर तासाला लिहा. मंगळवार टाळू नका. मी टाळला होता.