मेजावरील स्पुटनिक व वर्गातील पृथ्वीगोल

दि. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने ‘स्पुटनिक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला. त्यानंतर त्या देशात घरातील मेजावर मांडण्याजोग्या अनेक शोभेच्या स्मरणवस्तू निघाल्या. त्यांतील एक प्रकार असा : बैठकीवर लहानसा पृथ्वीगोल, त्याच्याभोवती धातूची तार आणि तारेवर चार शेपट्यांची चकचकीत गोळी. वस्तू देखणी खरी. परंतु तिचे चित्र पाठात वापरताना शिक्षकाने सावध राहावे.

प्रथम प्रमाण पाहू. वर्गातील पृथ्वीगोलाचा व्यास ३० सेंटिमीटर धरल्यास स्पुटनिकची कक्षा जवळच्या बाजूस गोलापासून अवघी ५ मिलिमीटर व दूरच्या बाजूस २ सेंटिमीटरांहून किंचित अधिक अंतरावर येते. कारण त्याची प्रत्यक्ष उंची सुमारे २१५ ते ९४० किलोमीटर होती. मूळ उपग्रह ५८ सेंटिमीटर व्यासाचा व ८३.६ किलोग्रॅम वजनाचा होता. या प्रमाणात तो शाळेतील सूक्ष्मदर्शकातूनही दिसणार नाही. कारागिराला दोष देण्याचे कारण नाही. न दिसणारी वस्तू विकत कोण घेईल?

खरा घोटाळा तारेचा आहे. गोळी तारेने पेललेली पाहून मुले विचारतात, “वर त्याला कोण धरून ठेवते?” तेव्हा “तेथे गुरुत्वाकर्षण नसते” असे उत्तर पुष्कळदा दिले जाते. ते साफ चुकीचे आहे. २१५ किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण भूपृष्ठावरील आकर्षणाच्या शेकडा ९३ हून अधिक असते. त्या उंचीवर स्पुटनिक दर सेकंदास सुमारे ५ मीटर खाली पडत होता; पण तेवढ्याच वेळात तो ८ किलोमीटर पुढेही जात होता, आणि ८ किलोमीटरांत पृथ्वीचा पृष्ठभागही जवळजवळ तितकाच खाली वळलेला असतो. म्हणून तो सतत पडत असूनही जमिनीस टेकत नव्हता. हे फळ्यावर मोठे वर्तुळ काढून, वर्तुळाला स्पर्श करणारी रेषा ओढून दाखवावे. घाई करू नये. हा मुद्दा मुलांना एका तासिकेत उमगतोच असे नाही.

तारेवरची गोळी कधीच खाली येत नाही. स्पुटनिक मात्र विरळ हवेच्या घर्षणाने हळूहळू खाली सरकत गेला. त्याचा संदेश २१ दिवसांनी थांबला आणि ९२ दिवसांनी, ४ जानेवारी १९५८ रोजी, तो दाट वातावरणात शिरून जळून गेला.