खोक्याचे यंत्र

पुठ्ठ्याचे खोके आता घरोघर असते. दुकानातून साबण आणला, तर तो खोक्यात. औषध आणले, तर ते खोक्यात. आंब्याच्या दिवसांत रत्नागिरीचा हापूस खोक्यात बसून मुंबईला जातो. नाशिककडची द्राक्षे खोक्यात बसून दर्यापार जातात. आतला माल काढला की आपण खोके फेकून देतो. नाही तर त्यात कांदे-बटाटे ठेवतो. पण हे खोके होते कसे, याचा विचार कोण करतो?

आज तो विचार करू. खोके करण्याच्या कामात एक किचकट टप्पा होता. तो टप्पा यंत्राने उचलला. तो कोणता? यंत्र तो कसा पार पाडते? आणि माणसाच्या वाट्याला कोणते काम उरते? या तीन गोष्टी नीट समजून घ्या. गावाजवळ खोक्यांचा कारखाना निघाला, तर उद्या तुमचा मुलगा, तुमची लेक किंवा तुम्ही स्वतः त्या यंत्रापुढे उभे राहाल. तेव्हा हे ज्ञान कामी येईल.

एक खोके उलगडून पाहा

घरातले एक जुने खोके घ्या. त्याचा उभा जोड सोडवा. खोके जमिनीवर सपाट पसरा.

काय दिसते? एकच लांब तक्ता दिसतो. त्यात चार बाजू शेजारी शेजारी आहेत. एका टोकाला बोटभर पट्टी आहे. ती जोडासाठी ठेवलेली असते. वरच्या अंगाला चार पाकळ्या आहेत. खालच्या अंगालाही चार आहेत. वरच्या पाकळ्या मिटल्या की झाकण होते. खालच्या मिटल्या की तळ होतो.

आता बारकाईने पाहा. दोन पाकळ्यांच्या मध्ये खाच कापलेली आहे. जिथे खोके दुमडते, तिथे मात्र कापलेले नाही. तिथे पुठ्ठा दाबून रेघ पाडली आहे.

म्हणजे तक्त्याचे खोके करायला दोन कामे करावी लागतात. एक, कापणे. दुसरे, रेघ दाबणे. हीच सगळ्या कामाची किल्ली आहे.

तुम्ही विचाराल, "रेघ कशाला? हातानं दुमडलं की झालं!" मग एक प्रयोग करा. जाड कागदाच्या दोन जुन्या लग्नपत्रिका घ्या. एक तशीच हाताने दुमडा. घडी वाकडी जाईल. कागदाला तडेही जातील. दुसरीवर पट्टी ठेवा. चमच्याच्या दांड्याने पट्टीच्या कडेकडेने दाबून रेघ ओढा. आता त्या रेघेवर दुमडा. घडी कशी सरळ आली! रेघेने पुठ्ठ्याला वाट दाखवली.

पुठ्ठ्याच्या पोटात काय आहे?

खोक्याची एक कड फाडून पाहा. वर साधा कागद आहे. खाली साधा कागद आहे. मधला कागद मात्र घराच्या पन्हळी पत्र्यासारखा वर-खाली गेलेला आहे. म्हणून याला पन्हळी पुठ्ठा म्हणतात.

पन्हळी कागद पहिल्याने खोक्यासाठी निघालाच नव्हता. १८५६ साली इंग्लंडमध्ये दोघांनी त्याचे पेटंट घेतले. तो उंच टोप्यांच्या आतल्या बाजूला लावायला होता. पुढे १८७१ साली अमेरिकेत आल्बर्ट जोन्स याने पन्हळी कागदाचे पेटंट घेतले. तो कागद काचेच्या बाटल्या आणि दिव्याच्या चिमण्या गुंडाळायला होता. मग पन्हळीच्या वर-खाली साधा कागद चिकटवू लागले, तेव्हा पुठ्ठा ताठ झाला.

साधा कागद उभा धरला तर वाकतो. त्याचीच गुंडाळी करून उभी ठेवा. आता तिच्या डोक्यावर एखादी वाटी राहील. पन्हळीही अशीच उभी राहून भार सोसते. म्हणून खोक्यात पन्हळ उभी असावी लागते. आडवी असली, तर वरच्या खोक्यांच्या भाराने खालचे खोके बसते. आतले आंबे दबतात. शेतकऱ्याचे नुकसान होते.

पिशव्या कापल्या गेल्या

आता यंत्राची हकीकत ऐका. रॉबर्ट गेर नावाचा एक माणूस होता. त्याचा जन्म १८३९ साली स्कॉटलंडमध्ये झाला. लहान वयातच तो अमेरिकेत आला. पुढे न्यूयॉर्क शहरात त्याने कागदी पिशव्यांचा धंदा काढला.

त्या काळी पातळ पुठ्ठ्याच्या डब्या करायला फार वेळ लागे. पुठ्ठ्यावर रेघा यंत्राने दाबत. मग माणसे हाताने कापत बसत. दोनदा काम, म्हणून दोनदा वेळ. त्यामुळे डबी महाग पडे. साधा माल कोण डबीत भरणार? दुकानदार बिस्किटेही पिंपातून सुटी काढून देत.

एकदा गेरच्या कारखान्यात बियाण्याच्या पिशव्या छापत होते. पिशवीवर घडीची रेघ पाडायला यंत्रात धातूची एक पट्टी बसवलेली होती. ती पट्टी जागची सरकली. मग रेघ पडायची तिथे पिशव्या कापल्या जाऊ लागल्या. यंत्राला काय कळते? ते आपले कापत राहिले. माल फुकट गेला.

दुसरा कोणी असता, तर कामगारावर ओरडून मोकळा झाला असता. गेरने कापलेल्या पिशव्या पाहिल्या आणि विचार केला. पट्टी रेघ पाडते. पट्टी कापतेही. मग एकाच चौकटीत दोन्ही प्रकारच्या पट्ट्या बसवल्या तर? काही धारदार आणि किंचित उंच. त्या कापतील. काही बोथट आणि किंचित ठेंगण्या. त्या नुसती रेघ दाबतील. म्हणजे एकाच दाबात दोन्ही कामे!

१८७९ च्या सुमारास त्याने हे साधले. डबी स्वस्त झाली. आणखी एक सोय झाली. कापून, रेघा दाबून तयार झालेले तक्ते सपाटच राहतात. त्यांचे गठ्ठे बांधून कुठेही नेता येतात. माल भरायच्या वेळी दुमडले की डबी तयार. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हीच युक्ती पन्हळी पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यांना लागू झाली.

आंब्याच्या हंगामात बागायतदाराकडे खोकी येतात ती चपटीच येतात. ही त्या युक्तीचीच देणगी आहे. लाकडी पेट्या रिकाम्या असल्या तरी गाडी भरून जाते. चपटी खोकी मात्र तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त मावतात.

आजच्या लहान कारखान्यात

चला, आता आजच्या एका लहान कारखान्यात शिरू.

पहिल्या यंत्रात दोन दातेरी रूळ आहेत. ते तापवलेले असतात. त्यांच्यामधून कागद गेला की त्याला पन्हळ पडते. पन्हळीच्या माथ्यांना खळ लागते. त्यावर साधा कागद बसतो. असा दोन पदरी कागद तयार होतो. दुसऱ्या बाजूने आणखी एक साधा कागद चिकटवला की तीन पदरी पुठ्ठा होतो. जड मालाला पाच पदरी किंवा सात पदरी लागतो.

तक्ते दाबून वाळवतात. मग ते कापणीच्या आणि रेघेच्या यंत्रावर येतात. तुमच्या घरात शंकरपाळे कापायचे कातणे आहे ना? तसली चाके या यंत्राच्या दांड्यांवर ओवलेली असतात. काही चाकांना धार असते. ती कडा कापतात. काही चाके बोथट असतात. ती रेघा दाबतात. माणूस एका बाजूने तक्ता सारतो. दुसऱ्या बाजूने तो कापून, रेघा पडून बाहेर येतो.

त्यानंतर दुसरे यंत्र पाकळ्यांच्या खाचा कापते. शेवटी जोडाची पट्टी तारेच्या टाचण्यांनी किंवा खळीने जोडतात. मोठ्या कारखान्यांत हीच कामे एकामागून एक एकाच लांब यंत्रावर होतात. छपाईही त्यातच होते. लहान कारखान्यांत मात्र प्रत्येक टप्प्याला माणूस उभा असतो. तक्ता लावणारा माणूस, उचलणारा माणूस, टाचणारी बाई, मोजून गठ्ठे बांधणारी बाई.

"यंत्रानं गरिबाच्या पोटावर पाय दिला," असे लोक म्हणतात. ही तक्रार खोटी नाही. जे हाताने कापत होते, त्यांचे ते काम गेले, हे कबूल केले पाहिजे. नवी कामे निघाली, पण ती आपोआप त्यांच्याच हाती आली असे नाही. ज्याला यंत्राचे माप कळते, त्याला नवे काम आधी मिळते. म्हणून पुढचा भाग ध्यान देऊन वाचा.

माप माणसाचे

नवा कामगार मिस्त्रीला विचारतो, "दादा, बटण दाबलं की खोकं तयार, व्हय ना?"

मिस्त्री म्हणतो, "न्हाई गड्या. बटण कुणीबी दाबंल. चाक कुठं बसवायचं, ते आधी ठरवावं लागतं. हातानं चुकलं, तर एक खोकं वाया जातं. यंत्रावर चुकलं, तर हजार जातात."

मिस्त्रीचे बोल खरे आहेत. पट्टी सरकली तेव्हा गेरचे यंत्र थांबले नव्हते. आजचे साधे यंत्रही चुकीच्या मापाला थांबत नाही.

माप कसे काढतात ते पाहा. समजा, खोके आतून ४० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच हवे आहे.

तक्त्याच्या लांबीत चारही बाजू बसल्या पाहिजेत.
४० + ३० + ४० + ३० = १४०.
जोडाच्या पट्टीसाठी ४ सेंटिमीटर धरू.
१४० + ४ = १४४.

तक्त्याच्या रुंदीत उंची आणि दोन्हीकडच्या पाकळ्या बसल्या पाहिजेत. समोरासमोरच्या दोन मोठ्या पाकळ्या मधोमध भेटतात. म्हणून एक पाकळी खोक्याच्या रुंदीच्या निम्मी, म्हणजे १५ सेंटिमीटर.
१५ + २५ + १५ = ५५.

म्हणजे तक्ता १४४ सेंटिमीटर लांब आणि ५५ सेंटिमीटर रुंद हवा. पुठ्ठ्याच्या जाडीसाठी थोडेसे वाढवून घेतात. जोडाचे ४ सेंटिमीटर धरायचे राहिले, तर खोके जोडणार कसे? माप इंचात लिहिले असेल आणि तुम्ही ते सेंटिमीटर समजलात, तर खोके अर्ध्याहून लहान होईल. तक्ता आडवा लावला, तर पन्हळही आडवी जाईल. म्हणून मिस्त्री पहिला तक्ता काढून मोजतो. तो दुमडून पाहतो. मगच पुढचे तक्ते सोडतो. तुम्हीही तसेच करा.

हात सांभाळा

विचित्र आकाराच्या डब्यांसाठी आणखी एक यंत्र असते. त्याच्या दोन जाड फळ्या तोंडासारख्या उघडतात आणि मिटतात. एका फळीवर पात्यांचा साचा असतो. माणूस उघड्या तोंडात पुठ्ठा ठेवतो. तोंड मिटते. पुठ्ठा कापला जातो. हात आत राहिला, तर यंत्र हात आणि पुठ्ठा यांत भेद करत नाही.

म्हणून हे नियम पाठ करा.

१. यंत्राची जाळी किंवा आडकाठी काढून काम करू नका. धोक्याच्या भागांना आड घालणे हे मालकाचे कर्तव्य आहे. आपल्या देशात १९४८ च्या कारखाना कायद्यातच ते लिहिले गेले.
२. तक्ता अडकला, तर आधी यंत्र बंद करा. मगच हात घाला.
३. सैल बाही, पदर, ओढणी, गळ्यातला गमछा यंत्राजवळ नको. केस बांधून ठेवा.
४. यंत्र तात्काळ थांबवायचे बटण कुठे आहे, ते पहिल्याच दिवशी विचारा.
५. झोप आली, अंगात ताप असला, तर तसे सांगा. नगावर मजुरी असली की माणूस घाई करतो. दहा तक्ते जास्त निघाले, तर चार पैसे जास्त मिळतील. पण गेलेले बोट कोणत्याही मजुरीत परत मिळत नाही.

यंत्र बळ देते, वेग देते. माप, ध्यान आणि सावधपणा मात्र माणसानेच द्यायचा असतो. तुम्ही अक्षरे शिकलात, आकडे शिकलात. यंत्रावरची पाटी वाचा. मापाचा कागद वाचा. समजले नाही, तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

सांगा पाहू

१. खोक्याच्या तक्त्यावर कोणती दोन कामे करावी लागतात?
२. दुमडण्याआधी रेघ का दाबतात?
३. खोक्यात पन्हळ उभी का असावी?
४. गेरने धारदार पट्ट्या किंचित उंच आणि बोथट पट्ट्या ठेंगण्या का ठेवल्या?
५. तक्ता अडकला, तर आधी काय कराल?

करून पाहा

खोके ३० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच हवे आहे. जोडाला ४ सेंटिमीटर धरा. तक्ता केवढा लागेल? आधी स्वतः करा. मग ताळा पाहा.

ताळा : लांबी १०४ सेंटिमीटर, रुंदी ३५ सेंटिमीटर.