विजेचे बिल आणि कायदा

मुलांनो, तुमच्या घरी विजेचे बिल येते. वडील माणसे त्यावरील रक्कम पाहतात, ती भरतात आणि कागद बाजूला ठेवून देतात. त्या कागदामागे कोणता कायदा उभा आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

आपल्या देशात पूर्वी १९१० सालचा वीज कायदा होता. आता विद्युत अधिनियम, २००३ लागू आहे. त्याच्या कलम ४३ प्रमाणे घराचा मालक किंवा त्या घरात राहणारा माणूस वीज मागू शकतो. ‘किंवा’ हा शब्द लहान दिसतो खरा. पण त्याच्या बळावर भाडेकरूलाही अर्ज करता येतो.

बिल थकले तर कंपनी वीज तोडू शकते. मात्र त्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तोंडी दटावणी ही नोटीस नव्हे.

पण बिलच चुकीचे वाटले तर? समजा, शिवणकाम करून संसार चालविणाऱ्या एका बाईंना दरमहा सुमारे ४०० रुपये बिल येते, आणि एके महिन्यात अकस्मात ४,००० रुपयांचे आले. एवढे पैसे त्यांनी कोठून आणावेत? वीज गेली तर शिलाईयंत्र थांबेल, मुलांचा अभ्यास अडेल. अशा वेळी कलम ५६ त्यांच्या मदतीस येते. मागितलेली रक्कम, अथवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने दरमहा येणारी रक्कम, ह्यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरावी. म्हणजे वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. ह्या बाईंनी दरमहा ४०० रुपये भरले की पुरे. तक्रार ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे न्यावी. तेथे समाधान न झाल्यास विद्युत लोकपालाकडे दाद मागता येते. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबई व नागपूर येथे आहेत.

कायदा ग्राहकालाही सोडीत नाही. मीटरमध्ये फेरफार करणे, तारेवर आकडा टाकणे ही वीजचोरी होय. तिच्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पूर्वी घरोघरी बिले व पावत्या वाकड्या तारेत ओवून खुंटीला अडकवीत. ती पद्धत फार शहाणपणाची होती. सहा महिन्यांची सरासरी काढायची तर मागील बिले हाताशी हवीत. शिवाय दोन वर्षांहून जुनी थकबाकी, ती सतत बिलात दाखविलेली नसेल तर, कंपनीला वसूल करता येत नाही. आणि ती दाखविली होती की नाही, हे त्या तारेतले कागदच सांगतात.