उसाची ट्रॉली आणि तवक्कुल

गळीत हंगाम सुरू झाला की कोऱ्हाळे बुद्रुकवरून जाणारा नीरा-बारामती रस्ता उसाच्या वाहनांनी भरून जातो. एका बाजूस सोमेश्वर, दुसऱ्या बाजूस माळेगाव. दोन्ही कारखान्यांकडे रात्रंदिवस ट्रॉल्या धावतात. बंधूंनो, आपल्यापैकीही कुणाचा ट्रॅक्टर त्यात असतो, कुणी चालक असतो.

निघताना आपण सफरीची दुआ पढतो. ती सूरह जुखरुफच्या 13 व 14 व्या आयतींतील आहे. वाहन आपल्या ताब्यात देणारा अल्लाह आहे आणि आपल्याला त्याच्याकडेच परतायचे आहे, ही त्यातील कबुली. परंतु तिर्मिजी शरीफमधील हदीसही आठवा. उंटाला बांधावे की मोकळे सोडून भरवसा ठेवावा, असे एकाने विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी बांधण्यास व मग भरवसा ठेवण्यास सांगितले. दोर ढिला ठेवून केवळ दुआ पढणे, याला तवक्कुल कसे म्हणावे?

मोळ्या दोन्ही बाजूंस सारख्या रचाव्यात, टोके साट्याबाहेर येऊ देऊ नयेत. हूक, पिन, टायर व मागचा दिवा स्वतः पाहावा. आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात : हादऱ्यांनी ऊस दबतो आणि घट्ट बांधलेला दोरही सैल पडतो. म्हणून थोडे अंतर गेल्यावर थांबून तो पुन्हा आवळावा. भार प्रमाणाबाहेर गेला की चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग दाद देत नाही. उतारावर मागचा भारच ट्रॅक्टरला ढकलतो.

एका खेपेत जास्त टन नेण्याचा मोह आम्हांस समजतो. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. कायद्याने जादा भारास 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास 2,000 रुपये दंड आहे. पण दंड भरून सुटता येते, हक्कुल इबादमधून नाही. चुकून झालेल्या मनुष्यहत्येसाठीही सूरह निसाच्या 92 व्या आयतीत वारसांना दियत आणि वेगळे प्रायश्चित्त सांगितले आहे. 'मुद्दाम केले नाही' एवढ्याने तेथे भागत नाही.

रस्त्यावरील त्रासदायक वस्तू दूर करणे हीसुद्धा ईमानची एक शाखा आहे. तेव्हा मोळी पडली तर पुढे निघून जाऊ नये. रात्र असेल तर एकाने मागे जाऊन बॅटरी दाखवावी, दुसऱ्याने ऊस उचलावा.