सातविणीची साल

शरद ऋतूत सायंकाळी कर्जत-खालापूरच्या डोंगरांत फिरावयास गेले असता सातविणीच्या फुलांचा उग्र सुगंध दरवळत येतो. एकेका पेराभोवती बहुधा सात पाने असतात, म्हणून संस्कृतात या वृक्षास ‘सप्तपर्ण’ म्हणतात. त्याची साल अतिशय कडू असते. तापावर तिचा काढा देण्याची रीत पुरातन आहे.

या मुलखास तापाची ओळखही जुनीच. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून लोहमार्ग नेला, तेव्हा हजारो मजूर ताप, हगवण व पटकी यांना बळी पडले. हिवतापावर त्या काळी क्विनीन हेच खात्रीचे औषध होते. ते सिंकोना वृक्षाच्या सालीत असते. महाबळेश्वरजवळ लिंगमळा येथे सरकारने सिंकोनाची लागवड करून पाहिली. परंतु तेथील अतिवृष्टीत ती तगली नाही.

मग आपली सातवीण का नको? मुलांनो, येथेच रसायनशास्त्राचे काम सुरू होते. सिंकोनाच्या सालीतून १८२० मध्ये पेल्त्ये व काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी क्विनीन वेगळे काढले. तशीच सातविणीच्या सालीतील द्रव्येही संशोधकांनी पुढे वेगळी करून हिवतापाच्या परोपजीवींवर पारखली. क्विनीनच्या तोडीचा गुण त्यांत आढळला नाही. कडूपणा ही गुणाची साक्ष नव्हे!

मग जुन्या समजुती टाकून द्याव्यात काय? तसेही नाही. चीनमधील तू योयो यांनी एका प्राचीन ग्रंथात वाचले की, तापावरील एक वनस्पती पाण्यात भिजवून पिळावी. उष्णतेने तिचा गुण नाहीसा होत असावा, असे त्यांनी ताडले. १९७१ मध्ये त्यांनी कमी उष्णतेवर ईथरने अर्क काढला आणि तो गुणकारी ठरला. त्यातूनच आर्टेमिसिनिन मिळाले. या कार्यासाठी २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. परंपरेने दिशा दाखविली. निर्णय प्रयोगाने दिला.

तरीही हा शोध संपलेला नाही. परोपजीवी रक्तातील हिमोग्लोबिन खातो. त्यातून सुटणारे विषारी द्रव्य स्फटिकरूप करून तो स्वतःचा बचाव करतो. क्लोरोक्विन ही क्रिया रोखते. पण काही परोपजीवी ते औषधच आपल्या उदरातून बाहेर लोटू लागले. म्हणून आज घातक प्रकारच्या हिवतापावर दोन औषधे एकत्र देतात. एकातून निसटलेला दुसऱ्याने मरतो.

ताप उतरला म्हणून औषध अर्ध्यावर सोडणारा रोगी उरलेल्या शत्रूस जीवदान देतो. शास्त्रज्ञांच्या कित्येक वर्षांच्या श्रमांचे चीज करणे शेवटी त्याच्याच हाती असते.