सगळ्यांना सगळे राइट्स नकोत

छोट्या कार्यालयांत नास, म्हणजे सगळ्यांच्या फाइली एकत्र ठेवणारं नेटवर्कवरचं स्टोरेज, बसवून द्यायचं काम मी करतो. डिस्क लागतात, नेटवर्कवर नाव दिसू लागतं आणि मालक म्हणतात, "सध्या सगळ्यांना सगळं उघडू द्या, बाकी नंतर बघू." ते 'नंतर' बहुतेक वेळा नुकसान झाल्यावरच येतं.

एका सीएंच्या कार्यालयातून सप्टेंबरअखेरीस, टॅक्स ऑडिटच्या ऐन धामधुमीत मला बोलावणं आलं. क्लायंटच्या कागदपत्रांचा अख्खा फोल्डर गायब झाला होता. नास आधीच कुणीतरी लावून दिलेलं. 'ऑफिस' नावाचा एकच फोल्डर, आणि आर्टिकलशिपच्या मुलांपासून भागीदारांपर्यंत सर्वांना एकच लॉगिन. त्यामुळे डिलीट कुणी दाबलं, हे कळायलाही मार्ग नव्हता. मंडळी आपापल्या कॉम्प्युटरच्या रिसायकल बिनमध्ये शोधत होती. पण नेटवर्कवरून पुसलेली फाइल तिथे येतच नाही; नासचं स्वतःचं रिसायकल बिन चालू असेल तरच ती सापडते. ते बंद होतं, स्नॅपशॉट म्हणजे फाइलींच्या त्या-त्या वेळच्या स्थितीच्या नोंदीही नव्हत्या. दोन डिस्क मिरर केलेल्या होत्या खऱ्या, पण मिररमध्ये एकीवर पुसलेलं दुसरीवरूनही लगेच पुसलं जातं. एक डिस्क बिघडली तर काम थांबू नये, एवढाच त्याचा उपयोग. शेवटी मुलांना सगळे कागद पुन्हा स्कॅन करत बसावं लागलं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे : पहिली फाइल टाकण्याआधी कागदावर तक्ता काढा. एका बाजूला फोल्डर, दुसऱ्या बाजूला ग्रुप : भागीदार, अकाउंट्स, आर्टिकल्स. प्रत्येक चौकटीत ठरवा : बदलता येईल, फक्त वाचता येईल, की उघडणारच नाही. पूर्ण झालेल्या वर्षांच्या फाइली बहुतेकांना फक्त वाचायला पुरतात.

राइट्स माणसाला न देता ग्रुपला द्या. लॉगिन मात्र प्रत्येकाचं वेगळं हवं. सिनॉलॉजी कंपनीच्या नासमध्ये एक गोष्ट जपा. तिथे 'नो ॲक्सेस' बाकी सगळ्या परवानग्यांवर मात करतो आणि 'युजर्स' या ग्रुपमध्ये प्रत्येक जण असतो. त्या ग्रुपला 'नो ॲक्सेस' दिलात तर मालकांसह सगळेच बाहेर! तिथली चौकट रिकामी सोडावी.

जुन्या स्कॅनरसाठी नासवर एसएमबी १, म्हणजे नेटवर्कवर फाइली शेअर करण्याचा जुना प्रोटोकॉल, चालू ठेवू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर त्याच्यातल्याच त्रुटीतून जगभर पसरलं. स्कॅनरला वेगळं लॉगिन आणि फक्त 'स्कॅन' फोल्डर द्या. स्कॅनरला नवा एसएमबी जमत नसेल, तर ईमेलने स्कॅन पाठवण्याची सोय आहे का ते पाहा.

सगळं लावून झालं की आर्टिकलच्या लॉगिनने शिरून स्वतः तपासा. विंडोज आधीचं लॉगिन धरून बसतं, म्हणून साइन आउट करून मगच पाहा. नाहीतर आपल्याच राइट्सनी सगळं उघडेल आणि खोटा दिलासा मिळेल.

नासवरचं रिसायकल बिन आणि रोजचे स्नॅपशॉट पहिल्याच दिवशी चालू करा. शिवाय बॅकअपची डिस्क वेगळी ठेवा आणि बॅकअप झाला की काढून घ्या. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्याही हाती लागते. दर महिन्याला त्यातला एखादा फोल्डर परत आणून उघडून पाहा. तो उघडला, तरच तुमच्याकडे बॅकअप आहे असं समजा.