कपाटातल्या काड्या

चि. मनू,


काल तुझ्या आईचा फोन आला. केंद्रप्रमुख येऊन गेल्यापासून तू गणित पेटी, काड्यांचे गठ्ठे, मणिमाळा असं सगळं कपाटात घालून कुलूप लावलंस, आता वर्गात फळा आणि वही एवढंच चालतं, असं ती म्हणाली. अभ्यासक्रम वेळेवर संपेल म्हणून तिला बरं वाटत होतं. मला मात्र तेव्हापासून चैन नाही. गोंगाट होतो, मूल्यमापन तोंडावर आलंय, ही तुझी कारणं खोटी नाहीत. पण वेळ वाचवायला तू नेमकी तीच गोष्ट बंद केलीस जिच्यामुळे वेळ वाचतो, आणि याचा मला रागही आला आहे.

दुसरीच्या मुलाला 'सदतीस' लिहायला सांग. कानावर आधी सात पडतो, लिहायचा मात्र आधी तीन. 'एकोणपन्नास' म्हटलं की त्याला पन्नास ऐकू येतं, म्हणून ते ५९ लिहितं. हा त्याचा आळस नव्हे, आपल्या संख्यानामांची घडणच तशी आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला ते तुला आठवत असेल. अडचण खरी होती म्हणूनच तो पर्याय पुढे आला होता. पण काड्या हातात असल्या तर 'एकोणपन्नास' हा शब्दच मुलाला वाट दाखवतो. दहादहाचे पाच गठ्ठे मांडायचे आणि त्यातली एक काडी काढायची. ती काढायला एक गठ्ठा सोडावाच लागतो आणि समोर उरतात चार गठ्ठे, नऊ सुट्या. एक ऊन पन्नास म्हणजे काय, ते पुन्हा सांगावं लागत नाही. वजाबाकीचंही तसंच. ५२ मधून २७ वजा करताना कितीतरी मुलं सातातून दोन काढतात आणि ३५ लिहून मोकळी होतात. गठ्ठ्यांपुढे बसलेल्या मुलाला तसं करता येत नाही, कारण दोन सुट्या काड्यांतून सात उचलताच येत नाहीत. मग ते आपणहून गठ्ठ्याचं रबर काढतं. 'हातचा' या शब्दात हात उगाच आलेला नाही, मनू. हे एकदा नीट झालं नाही, तर तिसरीत आणि चौथीत तेच पुन्हा शिकवावं लागतं. तो वेळ कुणी मोजत नाही, एवढंच.

तू म्हणशील, वस्तू हातात दिल्या की मुलं खेळत बसतात. बसतातच, आणि नुसतं साहित्य वाटलं म्हणजे शिकवलं असं मीही मानत नाही. आधी प्रश्न हवा, मग अंदाज, मग हात. 'जड वस्तू बुडते' असं सगळा वर्ग म्हणतो. मग टाचणी का बुडते आणि ओंडका का तरंगतो, असं विचारून थांबायचं. चांदीच्या कागदाची घट्ट गोळी आणि तेवढ्याच कागदाची होडी पाण्यात सोडण्याआधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्यायचा. अंदाज चुकलेल्या मुलाचं लक्ष त्या पाण्यावरून हलत नाही. त्या वेळी होणारा आवाज गोंगाटाहून वेगळा असतो, आणि तो तुला ओळखता येतो, मला माहीत आहे. शेवटी काड्याही सुटायला हव्यात. आधी गठ्ठे, मग वहीत गठ्ठ्यांचं चित्र, मग नुसते अंक. पण त्या मुलाच्या हातून सुटाव्यात, कपाटात कोंडून नव्हे.

महाग साहित्य लागतं, हाही आक्षेप टिकत नाही. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादचा विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम १९७२ साली १६ उच्च प्राथमिक शाळांत सुरू झाला, त्या खेड्यांतल्या सरकारी शाळाच होत्या. अरविंद गुप्तांनी तिथेच आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार करायला सुरुवात केली. चौकोन बोटाने ढकलला की कलतो, त्रिकोण कलत नाही, आणि पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात ते मुलाच्या बोटांना कळतं. तिथल्या परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती आणि प्रयोगही करून दाखवावे लागत. हा कार्यक्रम २००२ मध्ये सरकारने बंद केला, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. वरून पाठिंबा नसला की असं काम किती नाजूक होतं, ते मला कळतं. म्हणूनच कुलपाची बातमी इतकी लागली.

मी शिकवत होते तेव्हा 'आधी नियम पाठ, वस्तू मागाहून' असंच मानलं. ते मागाहून कधी आलंच नाही. त्याची रुखरुख अजून जात नाही, आणि कदाचित तिचाच राग तुझ्यावर निघाला असेल. तू एकटी दोन वर्ग सांभाळतेस, दुपारच्या आहाराच्या नोंदी करतेस, रात्री ऑनलाइन माहिती भरतेस. या सगळ्यात थकून कपाट लावलं असशील, तर त्यात तुझा दोष नाही. सगळं साहित्य रोज काढू नकोस. आठवड्यातले दोन तास, फक्त काड्यांचे, एवढंच कर. तेही या महिन्यात जमलं नाही तर मला तसं लिही, मी ओरडणार नाही.

गठ्ठ्यांची रबरं उन्हाने तुटतात, म्हणून नवी दोन पाकिटं पाठवते आहे. सोबत तुझ्यासाठी मेतकूटही आहे. रात्री भात लाव आणि वेळेवर जेव.

तुझी,
आत्या